तुमच्या आधी आत कोण गेलं होतं?

(या भागाचं लिखित रूप. बोलताना आलेले 'अं' आणि 'म्हणजे बघा' जरा कमी केलेत, बाकी तसंच ठेवलंय.)

ॲडमिशनचा सीझन आहे, त्यामुळे गेले काही दिवस इनबॉक्समध्ये एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतोय: "दादा, मुलाखत छान झाली होती, तरी यादीत नाव नाही. माझं काय चुकलं?" आज याच्यावरच बोलू. आणि सुरुवात माझ्यापासूनच करतो, कारण हा प्रश्न मी स्वतःला बरीच वर्षं विचारलाय.

पीएचडीच्या प्रवेशासाठी मी एका विद्यापीठात मुलाखतीला गेलो होतो. कुठल्या, ते सोडून द्या. आम्ही चौदा जण होतो. भिंतीला लावलेल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या, प्रत्येकाच्या मांडीवर फाइल, आणि शिपाईकाका यादीतून नावं पुकारतायत. माझ्या आधी जी मुलगी आत गेली, ती चाळीस मिनिटं आत होती. मधे दोनदा आतून हसण्याचा आवाज आला. ती बाहेर आली तेव्हा एक सर चक्क दारापर्यंत तिच्यासोबत आले आणि म्हणाले, "तो पेपर मला मेल कर हं." मग माझं नाव पुकारलं. मी नऊ मिनिटांत बाहेर! तीन प्रश्न, दोनदा "बरं", एकदा घड्याळाकडे बघणं, संपलं.

यादीत नाव आलं नाही, आणि मी निष्कर्ष काढला की आपण संशोधनाच्या लायकीचे नाही. नऊ मिनिटांवरून आख्खा निष्कर्ष. आता विचार केला की वाटतं, त्या नऊ मिनिटांत पॅनेलने मला पाहिलंच नव्हतं. त्यांनी 'तिच्यानंतर आलेला' पाहिला होता.

हे मी स्वतःची समजूत घालायला म्हणत नाहीये, बरं का. म्हणजे थोडंसं घालतोय. पण यावर खरंखुरं संशोधन झालेलं आहे.

२०१३ साली उरी सिमनसन आणि फ्रान्सेस्का जिनो या दोघांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. अमेरिकेत एमबीएच्या प्रवेशासाठी झालेल्या नऊ हजारांहून जास्त मुलाखतींच्या नोंदी त्यांनी तपासल्या. मुलाखत घेणारे ३१ जण, प्रत्येक उमेदवाराला १ ते ५ मधला एक गुण. मुलाखत घेणारा एका दिवसात मोजक्याच लोकांना भेटतो. आता समजा, आज योगायोगाने सकाळी आलेले तिघंही भारी निघाले. चौथा उमेदवारसुद्धा भारी आहे. त्याला काय मिळायला हवं? अर्थातच चांगला गुण. पहिल्या तिघांशी त्याचा काडीचा संबंध नाही, तो फक्त त्याच दिवशी आला. पण नोंदी सांगतात की त्याचा गुण खाली घसरतो. त्या दिवशी आधीच्यांना जितके जास्त गुण, तितके पुढच्याला कमी.

का? लेखकांचं म्हणणं असं की, मुलाखत घेणाऱ्याच्या डोक्यात एक न बोललेला हिशोब असतो. वर्षभरातल्या शेकडो अर्जदारांपैकी साधारण निम्मेच चांगले असणार, हे त्याला माहीत असतं. पण तो हाच हिशोब आजच्या चार-पाच जणांवरही लावतो. "सकाळपासून तिघांना चार-चार दिलेत, आता यालाही दिले तर मी फारच सढळ वाटेन." वर्षाचा हिशोब दिवसावर लावला की चौथा मारला जातो.

किती मारला जातो? फरक छोटा असतो, दशांशातला. पण तो भरून काढायचा तर उमेदवाराकडे जीमॅटमध्ये साधारण ३० गुण जास्त हवेत किंवा नोकरीचा अनुभव जवळपास दोन वर्षं जास्त हवा, असं गणित त्यांनी मांडलंय. दोन वर्षं! फक्त आपला नंबर कुणानंतर लागला म्हणून.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, नाहीतर तुमच्यातलं कुणीतरी गुगल करून मला कमेंटमध्ये धरेल. यातल्या जिनोबाईंच्या चार वेगळ्या शोधनिबंधांतल्या डेटावर २०२३ मध्ये गंभीर आक्षेप घेतले गेले, मोठं प्रकरण झालं. आणि ते आक्षेप जाहीर मांडणाऱ्यांमध्ये खुद्द सिमनसन होते! मी आज सांगतोय तो अभ्यास त्या चारांमध्ये नव्हता. तरीपण एकाच अभ्यासावर सगळा डोलारा उभा करायचा नाही, हे बरोबरच आहे. म्हणून दुसरा घेऊ.

२०१६ मध्ये डॅनियल चेन, टोबियस मॉस्कोविट्झ आणि केली शू यांनी अगदी वेगळ्या तीन जागा तपासल्या. अमेरिकेत आश्रय मागणाऱ्यांचे अर्ज ऐकणारे न्यायाधीश, बेसबॉलचे अंपायर, आणि तिसरे म्हणजे आपल्याच भारतातले बँकांचे कर्ज अधिकारी, ज्यांना एका प्रयोगात कर्जाच्या फायली तपासायला दिल्या होत्या. तिन्हीकडे सारखाच कल दिसला. आधीच्याला 'हो' म्हटलं की पुढच्याला 'नाही' म्हणण्याची शक्यता थोडी वाढते. नाणेफेकीत तीनदा छापा आला की आपल्याला वाटतं ना, आता काटा येणारच, तसंच. लागोपाठ तीन चांगले अर्ज? असं कसं होईल? मग चौथ्यात खोट शोधायची. आणि एक गंमत बघा: कर्ज अधिकाऱ्यांना अचूक निर्णयासाठी चांगला मोबदला ठेवला तेव्हा हा कल कमी झाला. म्हणजे मन लावून बघायचं कारण असलं की माणूस बघतो.

आता यावर तुम्ही म्हणाल, "मास्तर लोक पक्षपातीच असतात!" थांबा. मीही दुसऱ्या बाजूला बसलोय.

मी दोन वर्षं एका कॉलेजात सीएचबीवर होतो, म्हणजे तासिका तत्त्वावर. ज्यांना सीएचबी म्हणजे काय ते माहीत आहे, त्यांना माझी सहानुभूती. अंतर्गत परीक्षेचा पेपरांचा गठ्ठा घरी आणायचा, रात्री जेवण झालं की तपासायला बसायचं. एका रात्री एका मुलीचा पेपर आला. इतका नेटका, की मी आईला बोलावून दाखवला. त्याच्या खालचा पेपर एका मुलाचा होता. दहापैकी सहा दिले. अक्षर बरं होतं, मुद्दे होते, पण "यात काही दम नाही" असं वाटलं. सकाळी बेरीज करताना तोच पेपर परत उघडला. चहा पीत वाचला. आठचा पेपर होता हो! सहाचा नव्हताच. रात्रीतून उत्तरं बदलली नव्हती. फक्त वर ठेवलेला पेपर मी बाजूला केला होता.

मग मी गठ्ठा उलटा करून पुन्हा तपासला. सगळ्यांचे नाही, पण सात-आठ जणांचे गुण बदलले. काहींचे कमीही झाले असते. ते मी कमी केले नाहीत. हे बरोबर केलं की चूक, मला अजून ठरवता आलेलं नाही.

त्यामुळे मला कुणा पॅनेलला शिव्या घालायच्या नाहीत. वाईट माणसं नसली तरी हे होतं. आपलं डोकं गोष्टी सुट्या मोजतच नाही. गरम पाण्यातून हात काढून कोमट पाण्यात घातला तर ते गार लागतं, तसं.

मग उपाय काय, तुलनाच बंद करायची? मला तसं वाटत नाही. कारण तुलना केली नाही तरी घोळ होतो, कधीकधी तर जास्त मोठा.

क्रिस्टोफर शी नावाच्या संशोधकाचा १९९६ चा एक प्रयोग मला फार आवडतो. सांगितलं की, कॉम्प्युटर प्रोग्रामर घ्यायचाय, 'केवाय' नावाच्या एका भाषेत काम करणारा. पहिल्या उमेदवाराने त्या भाषेत ७० प्रोग्रॅम लिहिलेत, पण कॉलेजचे ग्रेड ५ पैकी ३. दुसऱ्याने फक्त १० प्रोग्रॅम लिहिलेत, पण ग्रेड ४.९. ज्यांना एकेकच उमेदवार दाखवला, त्यांनी ४.९ वाल्याची किंमत जास्त लावली. कारण ४.९ म्हणजे भारी, हे कुणालाही कळतं. ७० प्रोग्रॅम म्हणजे खूप की कमी? एकट्याने बघितलं तर काय सांगणार! पण दोघांना शेजारी ठेवलं, की ७० आणि १० मधली दरी दिसली आणि निकाल उलटला. म्हणजे तुलनेमुळे इथे कामाची गोष्ट समोर आली.

प्रश्न तुलना करायची की नाही, हा नाहीच. कुणाशी करायची, हा आहे. माझी तुलना योगायोगाने माझ्या आधी आलेल्या मुलीशी झाली, ती चुकीची. पण माझे गुण माझ्या परीक्षेच्या, माझ्या कॉलेजच्या इतर मुलांशी ताडून बघायला हवे होते, ते कुणी पाहिले का? बहुतेक नाही.

यावरही अभ्यास आहे. सॅम्युएल स्विफ्ट, डॉन मूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा, तोही २०१३ चाच. (त्यात पुन्हा जिनो आहेत, हो. मानसशास्त्राची दुनिया छोटी आहे.) प्रवेशाचं काम रोज करणाऱ्या अनुभवी लोकांना अर्ज दिले. काही अर्जदार अशा कॉलेजातले जिथे सगळ्यांनाच भरघोस गुण मिळतात, काही अशा कॉलेजातले जिथे हात आखडता असतो. कॉलेजची सरासरी समोर लिहिलेली होती. तरीसुद्धा सढळ कॉलेजातल्यांची जास्त निवड झाली. माहिती डोळ्यांसमोर असून वजाबाकी कुणी नीट केलीच नाही. मोठा आकडा तो मोठाच वाटला.

आणि हे ऐकून मुंबई-पुण्यातल्या कुणालाही अकरावीची आठवण यायला हवी. एसएससीचे ९० आणि आयसीएसईचे ९० एकच का? यावर आपल्या राज्याने काय काय करून पाहिलंय! २००८ मध्ये पर्सेंटाइलचं सूत्र आणलं, ते हायकोर्टात टिकलं नाही. २००९ मध्ये एसएससीच्या मुलांसाठी ९० टक्के जागा ठेवणारा ९०:१० चा फॉर्म्युला आणला, तोही हायकोर्टाने रद्द केला. २०१० मध्ये 'बेस्ट फाइव्ह' आलं, हायकोर्टाने ते अडवलं, शेवटी सुप्रीम कोर्टात टिकलं. तीन वर्षं, तीन सूत्रं, आणि प्रत्येक पावसाळ्यात अकरावीची मुलं कोर्टाच्या तारखेकडे डोळे लावून घरी बसलेली.

पुढे २०१९ ला तोंडी परीक्षेचे २० गुण काढून टाकले आणि दहावीचा निकाल ८९.४१ टक्क्यांवरून थेट ७७.१० टक्क्यांवर आला. त्या वर्षीची मुलं काय आदल्या वर्षीपेक्षा बारा टक्क्यांनी मठ्ठ होती? पण अकरावीच्या रांगेत त्यांच्या शेजारी दुसऱ्या बोर्डाची मुलं अंतर्गत गुणांसकट उभी होती. लगेच पुढच्या वर्षी ते २० गुण परत आले. त्या एका बॅचचं काय, हे मात्र कुणी फारसं विचारलं नाही. तुमच्यापैकी कुणी त्या बॅचचं असेल तर मला व्हॉइस नोट पाठवा, मला खरंच ऐकायचंय.

आणखी एक प्रकार आहे, जरा नाजूक. पॅनेलवरचा माणूस तुमची तुलना स्वतःशी करतो, तो.

२०१० मध्ये स्टीफन गार्सिया, ह्युनजिन सोंग आणि अब्राहम टेसर यांनी यावर प्रयोग केले. एकात लोकांना सांगितलं, समजा तुम्ही लॉ कॉलेजात प्राध्यापक आहात आणि नवीन प्राध्यापकाची शिफारस करायचीय. काहींना सांगितलं, तुमचे शोधनिबंध संख्येने खूप आहेत. काहींना सांगितलं, तुमचे निबंध मोजके पण दर्जेदार आहेत. ज्यांची संख्या जास्त, त्यांचा कल दर्जावाल्या उमेदवाराकडे. ज्यांचा दर्जा उत्तम, त्यांचा कल संख्यावाल्याकडे. थोडक्यात, माझ्या पिचवर दुसरा बॅट्समन नको! हा असूयेचा प्रकार असला तरी त्या माणसाला तसं जाणवत नाही. त्याला मनापासून वाटत असतं, 'आपल्या विभागाला वेगळ्या प्रकारचा माणूस हवा.' आणि कधीकधी ते खरंही असतं, म्हणून तर पकडता येत नाही.

बरं, यावर कुणी काही केलंय का? केलंय. आणि त्यातली सगळ्यात जुनी हकीकत सैन्यातली आहे. पुढे ज्यांना नोबेल मिळालं ते डॅनियल कानेमान १९५५ मध्ये अवघ्या २१ वर्षांचे होते, इस्रायलच्या सैन्यात होते, आणि भरतीच्या मुलाखती सुधारायचं काम त्यांच्यावर आलं. तोपर्यंत मुलाखत घेणारे गप्पा मारून एकूण मत द्यायचे. कानेमान यांनी सहा गुणवैशिष्ट्यं ठरवली, प्रत्येकासाठी ठरावीक प्रश्न, आणि एका वैशिष्ट्याला १ ते ५ मध्ये गुण दिल्याशिवाय पुढच्यावर जायचं नाही. मुलाखत घेणारे वैतागले, "आम्हाला काय रोबो समजता?" म्हणून. पण भाकीत सुधारलं. मग एकूण मतालाही त्यांनी जागा दिली, फक्त सगळ्यात शेवटी.

पुढे प्रोफेसर झाल्यावर पेपर तपासतानाही त्यांनी असंच केलं. एका मुलाचा आख्खा पेपर न तपासता, सगळ्यांचं पहिलं उत्तर आधी, मग सगळ्यांचं दुसरं. आणि आधीचे गुण दिसू नयेत म्हणून ते मागच्या पानावर लिहायचे. त्यांना लगेच दिसलं की एकाच मुलाला वेगवेगळ्या उत्तरांना फारच वेगवेगळे गुण पडतायत, आणि आपला स्वतःवरचा विश्वास डळमळतोय. ते म्हणतात की हा डळमळीतपणाच खरा होता. हे वाचून मी माझ्या त्या रात्रीच्या गठ्ठ्याबद्दल स्वतःला थोडं माफ केलं.

आपल्याकडे कोर्टानेही यात लक्ष घातलंय. श्रीनगरचं रीजनल इंजिनीअरिंग कॉलेज, म्हणजे आजचं एनआयटी. तिथे प्रवेशाला लेखी १०० आणि तोंडी ५० गुण होते. मुलांची तक्रार अशी की मुलाखत दोन-तीन मिनिटांची, त्यात विचारलं काय तर वडील कोण, राहता कुठे! प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, 'अजय हसिया' म्हणून ते ओळखलं जातं. नोव्हेंबर १९८० मध्ये न्यायमूर्ती भगवती यांनी निकालात लिहिलं की अशा प्रवेशात एक तृतीयांश गुण मुलाखतीला देणं मनमानी आहे, १५ टक्क्यांहून जास्त नकोत. शिवाय मुलाखती टेप करून ठेवाव्यात, अशीही सूचना केली.

तो निकाल कॉलेज प्रवेशाबद्दल होता. पीएचडीची गोष्ट वेगळी, तिथे बोलल्याशिवाय माणसाची समज कळत नाही हे मलाही पटतं. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत प्रवेश परीक्षेला ७० आणि मुलाखतीला ३० टक्के वजन आहे. चालेल. पण कटऑफच्या आसपास गर्दी असताना ३० पैकी दोन-तीन गुण इकडेतिकडे म्हणजे आत किंवा बाहेर. तेव्हा त्या ३० गुणांत काय काय शिरतंय, ते बघायला हवं. टेपरेकॉर्डर तर आता प्रत्येकाच्या खिशात आहे! सगळ्यांना एकच चार प्रश्न विचारणं, पॅनेलमधल्या प्रत्येकाने आपापले गुण बोलायच्या आधी कागदावर लिहिणं, दोन दिवसांच्या मुलाखती असतील तर शेवटी सगळ्या नोंदी एकत्र पसरून बघणं, याला पैसा लागत नाही. चहाच्या एका फेरीइतका वेळ लागतो.

आणि आपण, खुर्चीवर बसलेल्यांनी काय करायचं? खरं सांगू? त्या दिवशी तुम्ही फार काही करू शकत नाही. "पहिला नंबर घे", "जेवणानंतरचा घेऊ नको" वगैरे सल्ले मिळतात; तुमच्या आधी कोण असेल ते तुम्हाला कळणार नाही, त्यामुळे त्याचा उपयोग शून्य. एक करता येतं, एकाच जागेवर सगळं लावायचं नाही. चार ठिकाणी अर्ज केलात तर चारही ठिकाणी तुमच्या आधी तीच मुलगी नसणार. आणि नाव आलं नाही तर एकदा विचारा, लेखी विचारा, गुण कुठे कमी पडले. उत्तर येईलच असं नाही. आलं आणि चारपैकी तीन ठिकाणांहून तेच आलं, तर मात्र ते ऐका. मग दोष रांगेचा नाही.

माझं पुढे काय झालं, तेवढं सांगून थांबतो. पुढच्या वर्षी मी दुसरीकडे मुलाखत दिली. माझ्या आधी एक मुलगा आत गेला, सहा मिनिटांत बाहेर आला. चेहरा पडलेला, फाइल छातीशी धरलेली. मी आत गेलो आणि पहिल्याच साध्या उत्तरावर मॅडम हसल्या, सर पुढे सरकून बसले. अर्धा तास मस्त गप्पा झाल्या. प्रवेश मिळाला. मी वर्षभर सगळ्यांना सांगत फिरलो की या वेळी तयारी कसली जबरदस्त केली होती.

त्या मुलाचं नावही मला माहीत नाही.

चला, पुढच्या आठवड्यात भेटू. व्हॉइस नोट पाठवायला विसरू नका, विशेषतः २०१९ वाल्यांनो.